हाकेमधली जागा

पक्षीगणनेचा आकडा फळ्यावर लिहायचा मान दरवर्षी झोपे सरांचा असे. त्या रविवारीही सावखेडच्या पक्षीमित्र मंडळाची सगळी मंडळी सरांच्या अंगणात जमली होती. पहाटेपासून वाघदऱ्याच्या टेकडीवर थंडीत उभं राहून सगळ्यांचे पाय अवघडले होते. आता भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या पोटात गेल्यावर जरा ऊब आली होती. सर खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले.

"सांग हर्षाली, यंदा रानपिंगळे किती?"

हर्षाली भंगाळे मंडळाची सचिव. गावात तिचं कानाच्या तपासणीचं आणि श्रवणयंत्रांचं छोटंसं केंद्र होतं. ती सहावीत असताना झोपे सरांनी तिला आपली दुर्बीण बघायला दिली होती आणि ती तिने अजून परत केली नव्हती. तिने हातातल्या फोनकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"एक," ती म्हणाली.

"एक काय? एकवीस?"

"एकच, सर."

अंगणात कुणीतरी हसलं, पण हर्षालीचा चेहरा पाहून गप्प झालं.

रानपिंगळा म्हणजे मुठीपेक्षा थोडं मोठं, दिवसाढवळ्या हिंडणारं घुबड. सातपुड्याच्या मोजक्याच जंगलांत ते उरलं होतं आणि त्यांपैकी एक जंगल वाघदऱ्याचं, असा मंडळाचा अभिमान होता. गणनेची पद्धत साधी होती. टेकडीवर ठरलेल्या जागी एकेक माणूस उभा राहायचा आणि हाक ऐकू आली की नोंद करायचा. शेवटी बेरीज व्हायची. दर वर्षी आकडा विसाच्या आसपास येई.

यंदा माणसांच्या जोडीला पहिल्यांदाच 'कानोसा' होता. विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेने काड्यापेटीएवढे हे डबे तयार केले होते आणि हर्षालीने खटपट करून ते मंडळासाठी मिळवले होते. आपल्या ओळखीचं माणूस फोनवर नुसतं "हॅलो" म्हणालं तरी आपण त्याला ओळखतो. घशाची ठेवण, श्वासाचा जोर, जिभेची लकब प्रत्येकाची वेगळी. पक्ष्यांचंही तसंच असतं. त्यांचं स्वरयंत्र छातीत खोल, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असतं. तिथल्या पडद्यांच्या जाडीत आणि स्नायूंच्या ताणात पक्ष्यागणिक बारीकसा फरक असतो. त्या फरकाने हाकेचा चढ-उतार किंचित बदलतो. आपल्या कानाला तो कळत नाही, कानोशाला कळतो. शिवाय सगळ्या डब्यांमधली घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली. हाक जवळच्या डब्याला आधी पोचते, लांबच्याला नंतर. त्या वेळेच्या फरकावरून पक्षी कोणत्या झाडावर बसला होता तेही काढता येतं. कोण बोललं, कुठून बोललं आणि कधी, हे सगळं सापडतं.

आणि कानोसा सांगत होता, की टेकडीवर सकाळभर जेवढ्या हाका नोंदल्या गेल्या, त्या सगळ्या एकाच नराच्या होत्या. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उडत गेला, वाटेत थांबत गेला आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाने आपापल्या कागदावर एक रानपिंगळा मांडला.

"यंत्राचं काहीतरी चुकलंय," चष्म्याच्या दुकानाचे मालक किशोर बऱ्हाटे म्हणाले. ते मंडळाचे जुने सभासद. "आणि चुकलं नसेल तरी हे बाहेर बोलायचं नाही. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे, लक्षात आहे ना?"

ते कुणीच विसरलं नव्हतं. केळी घेऊन थेट बंदरापर्यंत जाणाऱ्या, चालक नसलेल्या मालट्रकांचा नवा रस्ता तालुक्यातून जायचा होता. केळीवाल्यांना तो हवा होता आणि त्यांचं चूकही नव्हतं. माल एका दिवसात जहाजावर चढणार होता. पहिल्या आराखड्यात रस्ता वाघदऱ्याच्या टेकडीवरून होता. मंडळाने रानपिंगळ्याच्या आकड्यांवर लढा दिला, अर्ज केले, मोर्चे काढले आणि रस्ता जुन्या सडकेपलीकडे मोहवाडीच्या पडीक माळावरून वळवून घेतला. पर्यायी मार्ग मंडळानेच नकाशावर आखून दिला होता. आता फक्त शेवटची सुनावणी राहिली होती.

सरांनी खडू ठेवून दिला. फळा कोराच राहिला.

"हा आकडा या अंगणाबाहेर जाणार नाही," ते म्हणाले. मग हर्षालीकडे वळून हळू आवाजात, "टेकडीवर किती पक्षी आहेत ते मला डब्याने शिकवायची गरज नाही."

सर तिच्याशी असं कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

पण तिच्या डोक्यात आकडा नव्हताच. तिला वेगळंच कोडं पडलं होतं. एकटा पक्षी इतका का हिंडतो? आपल्या हद्दीत बसून हाक मारायची सोडून टेकडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तो काय शोधत होता? त्या आठवड्यात केंद्रातलं काम संपलं की ती रोज संध्याकाळी त्याच्या हाका ऐकत बसे. दोन सूर, मग थोडी शांतता, पुन्हा दोन सूर. ती ऐकायची, पुढे जायची, मागे यायची. हाती काही लागत नव्हतं.

उत्तर मिळालं ते तिच्याच केंद्रातल्या बाकावर. एक विमा एजंट वडिलांना तपासणीला घेऊन आला होता. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्याला गप्पांमध्ये ओढायला सुरुवात केल्याबरोबर त्याने फोन कानाला लावला. "हो... बरोबर... हो का... बघतो मी..." त्याचं बराच वेळ चाललं होतं. हर्षाली आतून ऐकत होती आणि तिला हसू आलं. पलीकडे कुणी नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. का कळत होतं? तिने नीट लक्ष दिलं. त्याच्या दोन वाक्यांमधली शांतता दर वेळी तेवढीच होती. पलीकडे खरं माणूस असलं, की ते कधी लांबलचक बोलतं, कधी एका शब्दात आटपतं, आणि त्याप्रमाणे आपण थांबतो. कधी जास्त, कधी कमी.

तिने त्या एजंटच्या वडिलांची तपासणी कशीबशी पुरी केली आणि कानोशाच्या नोंदी उघडल्या. या वेळी तिने हाका ऐकल्याच नाहीत. हाकांच्या मधल्या शांततेची लांबी मोजली.

टेकडीच्या पश्चिमेला, माथ्यावर, दऱ्यात, सगळीकडे ती एकसारखी होती. पक्षी हाक मारत होता, ठरावीक वेळ थांबत होता आणि पुन्हा हाक मारत होता. त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. पण पूर्वेच्या कडेला, जुन्या सडकेच्या बाजूला आल्यावर त्याचं थांबणं बदललं होतं. कधी लांब, कधी अगदी तुटक, मध्येच एखादी हाक अर्धवट सोडलेली.

तिथे तो कुणाचं तरी ऐकत होता.

उत्तर देणारा आवाज डब्यात कुठेच नव्हता, कारण पलीकडे एकही डबा नव्हता. सडकेपलीकडे मोहवाडीचा माळ होता आणि तिथे मोजायला मंडळाचं कुणी कधी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटर काढली. माळाच्या मधोमध जुन्या मोहाच्या झाडांची राई होती आणि राईला लागून हमीदाबाई तडवींचं घर होतं. साठीच्या हमीदाबाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या. हर्षालीने मंडळाचं नाव सांगितलं.

"तुम्हीच ना ते? आमच्या शेतातून रस्ता न्या म्हणणारे?"

हर्षालीने मान डोलावली. नकाशावर या जागी 'पडीक' एवढंच लिहिलेलं होतं.

"इतकी वर्षं त्या टेकडीवर येता तुम्ही लोक," हमीदाबाई म्हणाल्या. "इथून दिसतात तुमच्या गाड्या. एकदा तरी सडक ओलांडायची. चहा पाजला असता." आणि खरंच त्या आत जाऊन चहा ठेवून आल्या.

"बाई, इथे पिंगळा ओरडतो का हो दिवसा?"

"मला शेळ्या आहेत, नातवंडं आहेत. पिंगळ्याकडे कोण बघतंय?" त्या म्हणाल्या. "लाव तुझे डबे कुठे लावायचे ते. शेळ्यांच्या तोंडी लागतील असे नको लावू."

डबे लागले. तीन दिवसांनी हर्षालीने नोंदी उतरवून घेतल्या. मोहवाडीच्या राईत रानपिंगळ्याचे चार वेगवेगळे आवाज होते. दोन जोड्या. त्यातल्या एका मादीशी टेकडीवरचा एकटा नर सडकेपलीकडून रोज सकाळी बोलत होता आणि तिचा जोडीदार त्याला हुसकावून लावत होता.

ती सरांकडे गेली. सर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. तिने सगळं सांगितलं. शांततेची लांबी, माळ, चार आवाज. सरांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"म्हणजे तुझं म्हणणं, आपण रस्ता त्यांच्या अंगावर नेऊन घातला."

"माझं काहीच म्हणणं नाही. तुम्ही एकदा चला. मागे बसा स्कूटरवर."

"आणि बघून काय करू?"

"सर, तुम्हीच म्हणायचात ना, आधी बघायचं, मग बोलायचं."

सर उठले. चपला शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

राईत पोचल्यावर हमीदाबाईंनी दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या आणि आपल्या कामाला लागल्या. ऊन वर आलं. मोहाच्या एका जुनाट खोडात, माणसाच्या उंचीच्या दुप्पट वर, वाटीएवढी ढोली होती. बराच वेळ ती रिकामी वाटत होती. मग आतल्या अंधारात काहीतरी हललं आणि दोन पिवळे डोळे बाहेर पाहू लागले. रानपिंगळ्याची मादी. तिने सरांकडे पाहिलं, मान वाकडी केली, पुन्हा पाहिलं. हर्षालीने दिलेली दुर्बीण सरांच्या गुडघ्यावरच राहिली. एवढ्या जवळून तिची गरजच नव्हती.

"ढोली," सर पुटपुटले.

"काय सर?"

"टेकडीवर ढोली नाही गं एकही." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "टेकडीवरचा साग आम्ही लावला. श्रमदानाला मीच पोरं घेऊन जायचो दर रविवारी. सगळी झाडं एका वयाची, सरळ, तरणी. अशा झाडाला ढोली पडायला माणसाचा जन्म जातो. त्यांनी अंडी घालायची कुठे? आणि हे मोह बघ."

"हे कुणी तोडत नाही," हमीदाबाई मागून म्हणाल्या. "फुलं गोळा करतो आम्ही. माझ्या सासूच्या सासूच्या वेळेपासून."

परत येताना सर स्कूटरवर मागे बसले होते. टेकडी उजव्या हाताला होती. त्यांनी तिकडे पाहिलं का, ते हर्षालीला आरशात दिसलं नाही.

मंडळाची बैठक वादळी झाली. हर्षाली म्हणत होती की सुनावणीत सगळं खरं सांगून तिसरा मार्ग मागू या. किशोर बऱ्हाटे टेबलावर हात आपटून म्हणाले, "तिसरा मार्ग नाही! खाली केळीच्या बागा आणि नदीचा पूर, अभियंत्यांनी कधीच निकालात काढलाय तो. तू तोंड उघडलंस की रस्ता परत टेकडीवर येणार. पाच वर्षांची लढाई पाण्यात. दोन जोड्यांसाठी? टेकडीवर मोर आहेत, भेकरं आहेत, साळिंदर आहे. त्यांचं काय?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं.

"सर, तुम्ही सांगा हिला," बऱ्हाटे म्हणाले.

सर म्हणाले, "सुनावणीला मी येतो."

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात झाली. पुढे प्रांत अधिकारी बाई आणि दोन अभियंते, समोर केळीवाले, मंडळाचे लोक आणि सगळ्यांत मागे, दाराशी, डोक्यावर पदर घेऊन हमीदाबाई. हर्षालीने कानोशाच्या नोंदी ऐकवल्या. आधी टेकडीवरच्या नराची हाक, मग मोहवाडीतून मादीचं उत्तर. दोन्ही आवाज पहिल्यांदाच एकत्र ऐकू आले. एका केळीवाल्याने शेजाऱ्याला विचारलं, "काय बोलतायत रे?" आणि त्यावर सगळेच हसले.

प्रांत अधिकारी हसल्या नाहीत. "ताई, मंडळाच्याच मागणीवरून आम्ही मार्ग बदलला होता. आता तुम्ही म्हणता तोही नको. तिसरा मार्ग शक्य नाही, हे अभियंत्यांनी लेखी दिलंय. मला या दोनपैकी एक सांगा."

हर्षालीने हातातल्या नोंदींकडे पाहिलं. टेकडीवरची पायवाट न् पायवाट तिला पाठ होती. सहावीतल्या हर्षालीने पहिला स्वर्गीय नर्तक तिथेच पाहिला होता, लांब पांढऱ्या शेपटीचा.

सर उभे राहिले.

"टेकडीवरून न्या," ते म्हणाले.

मंडळाच्या रांगेत गलका झाला. बऱ्हाटे ताडकन उठले. सरांनी हात वर केला. वर्गात करायचे तसाच.

"टेकडीवरचं जंगल मी लावलंय. माणसाने लावलेलं जंगल माणसाला पुन्हा लावता येतं. वेळ लागेल, मी नसेन, पण येईल. मोहवाडीचे मोह कुणाला लावता येणार नाहीत. माझी एकच विनंती आहे. टेकडीच्या दोन्ही बाजूंना जनावरांना रस्ता ओलांडायला भुयारी वाटा ठेवा, आणि आम्ही सांगू तिथे ठेवा. कुठून कोण जातं ते आम्ही मोजून देऊ."

ते खाली बसले.

बाहेर आल्यावर हमीदाबाईंनी हर्षालीला थांबवलं. "मी या कचेरीत कितीदा येऊन गेले, माझी जमीन घेऊ नका म्हणून. कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. आता पाखरू बोललं तर लगेच ऐकलं." त्या रागावल्या होत्या, पण डोळे पुसत होत्या. "बरं झालं म्हणा. पण तू हे लिहून ठेव कुठेतरी. माणूस पण बोलत होतं म्हणावं."

निकाल टेकडीच्या मार्गाच्या बाजूने लागला. भुयारी वाटा मान्य झाल्या. बऱ्हाटे आणि आणखी अर्धी मंडळी मंडळ सोडून गेली. बाजारात हर्षाली समोर आली की बऱ्हाटे दुकानात आत वळत. साग तोडला गेला त्या दिवसांत सर घराबाहेर पडले नाहीत. हर्षाली रोज जाऊन बसे. ते इकडचं तिकडचं बोलत. टेकडीचं नाव दोघंही काढत नसत.

एकदा तिने न राहवून विचारलं, "सर, मी ते डबे आणलेच नसते तर बरं झालं असतं का?"

सर चहा पिता पिता थांबले. "तर माझ्या फळ्यावर वीस लिहिलेलं राहिलं असतं," ते म्हणाले, "आणि मोहवाडीत एकही उरला नसता. असला आकडा काय कामाचा?"

रस्ता झाला. पुढच्या वर्षी मार्च उजाडला तेव्हा टेकडीवरचे उरलेसुरले कानोसे काढून आणायचे होते. हर्षाली एकटीच निघाली होती, पण तिच्या दारात सर काठी घेऊन उभे होते.

"चल. एकदा बघायलाच हवं."

टेकडी मधोमध कापली गेली होती. दोन्ही अंगांना लालसर मातीच्या उंच, उघड्या भिंती आणि मधून काळा गुळगुळीत रस्ता. सरांना उतरताना हर्षालीने हात दिला. पायवाट कुठे सुरू होत होती तेही त्यांना सापडेना. ते एका दगडावर बसले. आवाज न करता एक मालट्रक केळी घेऊन गेला. आत कुणीच नव्हतं.

ट्रक गेला आणि समोरच्या मातीच्या भिंतीतून मूठभर धूळ उडाली.

सर पुढे झुकले. पुन्हा धूळ उडाली. मातीत एक गोल भोक होतं आणि त्यातून मागच्या मागे माती उकरत एक हिरवंगार शेपूट बाहेर येत होतं. मग अख्खा वेडा राघू बाहेर आला, अंग झटकून तारेवर बसला आणि त्याच्या जागी दुसरा आत शिरला. बाजूला तसंच आणखी एक भोक होतं. त्याच्यापलीकडे आणखी.

"हे घर करतायत," हर्षाली म्हणाली. "ताज्या कापलेल्या मातीत करतात ते."

"ते मला माहीत आहे," सर म्हणाले. त्यांचे डोळे भोकावरून हलत नव्हते. "पण इथे? ट्रक जाताना भिंत हादरत असणार. अंडी टिकतील?"

"काय माहीत."

"आत किती खोल असेल गं?"

"असेल हातभर. नक्की नाही सांगता येणार."

"कुणी बघितलंय का, असल्या रस्त्याकडेला?"

"माझ्या माहितीत तरी नाही, सर."

येताना झाडावरून काढून पिशवीत ठेवलेला कानोसा हर्षालीने बाहेर काढला. सरांनी तो तिच्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि काठी टेकत मातीच्या भिंतीकडे चालू लागले.